विद्यार्थी व्हिसावरून कायम वास्तव्य : अमेरिका

अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी एफ-१ व्हिसावर गेलेल्या परदेशी व्यक्तीने तेथील कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळवण्याची प्रक्रिया. अशा नावाचा एकसंध मार्ग अमेरिकी कायद्यात नाही. शिक्षण, शिक्षणोत्तर काम, तात्पुरती नोकरी आणि कायम वास्तव्य यांचे नियम वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हेतूंनी झाले. त्यांचा सांधा जुळवला तो विद्यार्थी, कंपन्या आणि वकील यांनी. भारतात जन्मलेल्यांसाठी यातला शेवटचा टप्पा गेली दोन दशके जवळपास गोठलेला आहे. म्हणून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

पूर्वपीठिका : आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या तेव्हा विद्यार्थी व्हिसा हा प्रकारच अस्तित्वात नव्हता. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये पीएच.डी. मिळवली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ही मंडळी शिकून परतली. थांबायचे म्हटले असते, तरी कायदा लवकरच आड आला असता. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाचा मोठा भाग प्रवेशबंदीखाली आणला, विद्यार्थ्यांना मात्र त्यातून सूट दिली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वासाठी ‘गोरा’ ठरत नाही असा निर्णय दिला. थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केली होती, तरीही निकाल तोच लागला. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला १०० जणांचा कोटा ठरला.

आजचा एफ वर्ग १९५२ च्या कायद्यातला आहे. आपले घर मायदेशी आहे आणि ते सोडून देण्याचा इरादा नाही, हे विद्यार्थ्याने दाखवले पाहिजे, ही त्याची अट आजही कायम आहे.

१९६५ चा कायदा : ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केलेल्या या कायद्याने राष्ट्रवार जुने कोटे मोडले आणि पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशाला वर्षाला कमाल २०,००० अशी समान मर्यादा घातली. तिसऱ्या पसंतीक्रमात व्यावसायिकांना स्थान होते. मालकाचे नेमणूकपत्र नसले तरी अर्ज करता येई. ही सोय १९७६ च्या दुरुस्तीने गेली. पुणे-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि पवईच्या आयआयटीतून साठ-सत्तरच्या दशकांत बाहेर पडलेल्या ज्या पिढीने शिकागो, न्यू जर्सी, डेट्रॉइट येथे महाराष्ट्र मंडळे उभी केली, तिची पायाभरणी याच कायद्यावर झाली. शिकागोचे मंडळ १९६९ चे, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. परकीय चलनाच्या टंचाईमुळे खिशात आठ डॉलर घेऊन निघालेल्या या पिढीच्या हालअपेष्टांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले. तिला कार्ड मात्र पुढच्या पिढ्यांच्या तुलनेने फार लवकर मिळाले, ही बाब त्या लेखनात क्वचित येते.

व्हिसा व मुलाखत : विद्यापीठाने प्रवेश दिल्यावर आय-२० हे प्रमाणपत्र मिळते. २००३ पासून त्याची नोंद ‘सेव्हिस’ या संगणकीय यंत्रणेत होते व त्यासाठी ३५० डॉलर वेगळे शुल्क आहे. मुंबईचा अमेरिकी वाणिज्य दूतावास २०११ मध्ये ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. येथे अर्जदार पैशाची तजवीज दाखवणारी बँकपत्रे, कर्जमंजुरी आणि गुणपत्रिका पारदर्शक फोल्डरमध्ये लावून रांगेत उभा राहतो. बहुतेकांची मुलाखत काचेआडून दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि पुष्कळदा ते फोल्डर उघडलेही जात नाही. नकार मिळाल्यास हातात पडणाऱ्या पत्रकावर कलम २१४(बी) चा उल्लेख असतो. परत येण्याचा इरादा पटला नाही, असा त्याचा अर्थ. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला आपले सगळे आयुष्य कुठे जाईल हे त्या खिडकीपाशी शपथेवर सांगावे लागते. कायद्याची ही मागणी मुळातच अवाजवी आहे. घर तारण ठेवून कर्ज काढणारे पालक आणि मूल यांच्यात परतण्याचा विषय बहुधा ठरलेला नसतो. पुष्कळांचा निर्णय तिकडे गेल्यावर, नोकरी लागल्यावर होतो.

‘ओपन डोअर्स’ या वार्षिक अहवालानुसार २०२३–२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले.

ओपीटी : पदवीनंतर आपल्या विषयातले काम करण्याची बारा महिन्यांची मुभा. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या ‘स्टेम’ शाखांना २००८ मध्ये १७ महिन्यांची जादा मुदत मिळाली. ती देताना लोकांच्या हरकती मागवल्या नाहीत, या कारणाने २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. मे २०१६ पासून नव्या नियमाने ही मुदत २४ महिने झाली. स्टेम पदवीधराला अशा रीतीने एकूण तीन वर्षे मिळतात. पहिल्या वर्षात बेकारीचे दिवस ९० पेक्षा जास्त होता कामा नयेत, जादा मुदतीसह एकूण १५०. हे दिवस सलग नसले तरी एकत्र मोजले जातात. ओपीटीमुळे स्थानिक पदवीधरांच्या नोकऱ्या व वेतन यांवर काय परिणाम होतो, याबद्दल अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

एच-१बी : १९९० च्या कायद्याने घडवलेला तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा. मुदत तीन अधिक तीन, अशी सहा वर्षे. कायम वास्तव्याचा इरादा मनात असला तरी चालतो, ही याची विशेष सोय, आणि म्हणूनच एफ-१ व ग्रीन कार्ड यांच्यामधला पूल म्हणून तो वापरला जातो. वार्षिक मर्यादा ६५,०००. २००४ च्या कायद्याने अमेरिकी विद्यापीठांच्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २०,००० जागा मिळाल्या. विद्यापीठे व ना-नफा संशोधनसंस्था या मर्यादेबाहेर आहेत. मागणी जास्त असल्याने मार्चमध्ये नावनोंदणी होऊन सोडत निघते व काम १ ऑक्टोबरपासून सुरू होते. ‘लॉटरी लागली का?’ हा प्रश्न पुण्या-नाशिकच्या घरांतही मार्चअखेरीस फोनवरून विचारला जातो. एकाच व्यक्तीसाठी अनेक कंपन्यांनी नावे घालण्याचे प्रकार वाढल्यावर २०२४ पासून सोडत व्यक्तीनिहाय झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या घोषणेने नव्या अर्जांवर एक लाख डॉलर आकारले गेले. देशात राहूनच एफ-१ वरून बदल करणाऱ्यांना हा आकार लागू नाही असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. या घोषणेला न्यायालयांत आव्हान दिले गेले.

नोकरी गेल्यास ६० दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो.

श्रमप्रमाणन : ग्रीन कार्डाचा अर्ज सर्वसाधारणपणे कर्मचारी स्वतः करत नाही, मालक करतो. या पदासाठी पात्र व इच्छुक अमेरिकी कामगार मिळाला नाही, हे आधी श्रम खात्याला दाखवावे लागते. २००५ पासून हे काम ‘पर्म’ या पद्धतीने चालते. वृत्तपत्राच्या दोन रविवारच्या अंकांत जाहिरात, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे ३० दिवस नोंद, आणि कार्यालयात सलग दहा कामकाजाचे दिवस सूचना. ज्या खुर्चीवर माणूस चार-पाच वर्षे बसून काम करतो आहे, त्याच खुर्चीची ही जाहिरात असते. पदाचे नाव आणि पगार लिहिलेला कागद कॉफीच्या यंत्राशेजारी लावलेला असतो आणि सहकारी तो वाचत उभे राहतात.

पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट, बोलण्यात ‘पीडी’. पुढे आय-१४० हा मालकाचा अर्ज मंजूर झाला की तारीख त्या व्यक्तीच्या नावावर राहते. मालक बदलल्यास पर्म नव्याने करावे लागते, पण तारीख बहुधा जुनीच धरली जाते. २००० च्या कायद्यानुसार मंजूर आय-१४० च्या आधारे एच-१बी सहा वर्षांपलीकडे तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. याच तरतुदीमुळे दहा-पंधरा वर्षे तात्पुरत्या व्हिसावर राहणे शक्य झाले आहे.

देशनिहाय मर्यादा : १९९० च्या कायद्याने रोजगारावर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला १,४०,००० ठरवली. या संख्येत कर्मचाऱ्यांचे पती-पत्नी व मुलेही मोजली जातात. त्यातून कोणत्याही एका देशाला सात टक्के, म्हणजे सुमारे ९,८००. आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला. इतरांच्या न वापरलेल्या जागा मिळतात, पण त्यांचा भरवसा नसतो. देश ठरतो तो जन्मस्थानावरून. नागरिकत्व विचारात घेतले जात नाही. मस्कत किंवा दुबईत जन्मलेल्या मराठी मुलाची गणना त्यामुळे भारतात होत नाही, आणि त्याच्या जोडीदारालाही त्याच रांगेतून जाता येते. एकाच वर्गात शिकलेल्या, एकाच कंपनीत लागलेल्या दोघांपैकी एकाला दोन-तीन वर्षांत कार्ड मिळते आणि दुसरा निवृत्तीचे वय मोजत बसतो, याचे कारण इतकेच असू शकते.

तारखा परराष्ट्र खाते दरमहा ‘व्हिसा बुलेटिन’मध्ये प्रसिद्ध करते. पीडी त्या तारखेआधीची असेल तर क्रमांक लागला, ‘करंट झाली’. तारीख मागेही जाते, त्याला ‘रिट्रोग्रेशन’ म्हणतात. २०२५ च्या बुलेटिनांत भारताच्या ईबी-२ (रोजगाराधारित दुसरा पसंतीक्रम) वर्गाची तारीख २०१२–१३ च्या आसपास होती. आज रांगेत उभे राहणाऱ्याला किती वर्षे लागतील याचे अंदाज अनेकांनी केले आहेत. ते परस्परांशी जुळत नाहीत, मात्र माणसाच्या नोकरीच्या आयुष्याहून लांब मुदत त्यांतल्या बऱ्याच अंदाजांत निघते.

जुलै २००७ : जून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुलैच्या बुलेटिनात रोजगाराचे जवळपास सर्व वर्ग सर्व देशांना खुले असल्याचे जाहीर झाले. वर्षानुवर्षे थांबलेल्या हजारो कुटुंबांची तारांबळ उडाली. कार्डाच्या अर्जासाठी हवे होते ते ठराविक डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी, लसी आणि भारतातून जन्मदाखले. अनेकांच्या दाखल्यावर नाव न लिहिता नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच होते, आणि त्यासाठी गावाकडे वडीलधाऱ्यांना प्रतिज्ञापत्रे करावी लागली. भारतात असलेल्या पत्नीला तातडीने विमानात बसवले गेले, कारण अर्ज करताना अमेरिकेत हजर असणे आवश्यक होते. २ जुलैला परराष्ट्र खात्याने सुधारित पत्रक काढले : वर्षाच्या जागा संपल्या, अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.

प्रतिक्रिया उमटली ती हिंदी चित्रपटाच्या वाटेने. ‘लगे रहो मुन्नाभाई’ आदल्या वर्षी, २००६ मध्ये, प्रदर्शित झाला होता. त्यातली मुंबईची गांधीगिरी स्मरून १० जुलैला शेकडो पुष्पगुच्छ नागरिकत्व व आप्रवासन सेवेचे संचालक एमिलिओ गोन्झालेस यांच्या कार्यालयात पाठवण्यात आले. संचालकांनी ती फुले वॉल्टर रीड व बेथेस्डा येथील लष्करी रुग्णालयांतल्या जखमी सैनिकांकडे पाठवण्याचे जाहीर केले. त्याच आठवड्यात सॅन होजे येथे मोर्चा निघाला. १७ जुलैला सरकारने निर्णय फिरवला व १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेण्याचे मान्य केले. वकिलांच्या संघटनांनी न्यायालयात जाण्याची तयारी केली होती. निर्णय फुलांनी फिरला की दाव्याच्या धास्तीने, हे ठरवणे कठीण आहे. तथापि कायदेशीर मार्गाने राहणाऱ्या, मतदानाचा हक्क नसलेल्या या समाजाची ही पहिली मोठी सार्वजनिक कृती होती, आणि तिचे श्रेय त्या समाजाला दिले पाहिजे.

ज्यांचे अर्ज त्या महिन्यात गेले त्यांना स्वतंत्र काम-परवाना, प्रवासाची मुभा व १८० दिवसांनंतर तत्सम कामात मालक बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले. प्रत्यक्ष कार्ड ईबी-३ मधल्या अनेकांना त्यानंतर दहा वर्षांनी आले.

कुटुंबीय : एच-१बीधारकांच्या एच-४ व्हिसावरील जोडीदारांना काम करण्याची परवानगी नव्हती. मे २०१५ पासून, ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० मंजूर आहे त्यांना ती मिळते. त्याआधीच्या काळात शिकल्या-सवरलेल्या, बहुसंख्येने स्त्रियाच, वर्षानुवर्षे कामाविना घरी राहिल्या. मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे. २१ वर्षे पूर्ण झाली की मूल पालकांच्या अर्जातून वगळले जाते. २००२ च्या कायद्याने वयाच्या मोजणीत थोडी सवलत दिली, पण रांग इतकी लांब असताना ती पुरत नाही. दोन-तीन वर्षांच्या वयात आलेले आणि तिथल्याच शाळेत वाढलेले मूल मग स्वतःचा एफ-१ काढते व पर्मपासून सगळे पुन्हा सुरू करते, किंवा ज्या देशाची त्याला आठवण नाही तिथे जाते.

इतर मार्ग : अमेरिकी नागरिकाशी विवाह झाल्यास संख्येची मर्यादा नाही. असामान्य गुणवत्तेच्या ईबी-१ मध्ये व राष्ट्रहिताच्या सवलतीखालील ईबी-२ मध्ये स्वतः अर्ज करता येतो, मात्र देशनिहाय मर्यादा तिथेही आहे.

इतर देश : कॅनडात जानेवारी २०१५ पासून गुणांवर आधारित ‘एक्स्प्रेस एंट्री’ आहे व तीत जन्मदेशाची मर्यादा नाही.

सुधारणेचे प्रयत्न : रोजगार वर्गातील देशनिहाय मर्यादा काढून टाकणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने १० जुलै २०१९ रोजी ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. इतर देशांतून येणाऱ्यांना, विशेषतः परिचारिकांना, मागे राहावे लागेल असा आक्षेप विरोधकांनी घेतला. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये वेगळा मसुदा एकमताने मंजूर केला. दोन्ही मसुदे जुळवण्यापूर्वी जानेवारी २०२१ मध्ये त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक बाद झाले. १,४०,००० ची संख्या व सात टक्क्यांची मर्यादा या दोन्ही १९९० मध्ये ठरल्या तशाच आजही लागू आहेत.