ठाणे-कल्याण परिसरातील जुनी घरे : लोप पावणारा वारसा

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील ब्रिटिशकालीन कौलारू घरे, वाडे व बंगले आता विरळ झाले आहेत. त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत.

साष्टी बेटावरील ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. पुढे मराठ्यांकडून ते १७७४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी आली व १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोहोचला. रेल्वेमुळे या परिसरात वस्ती वाढत गेली. जाड भिंती, सागवानी तुळया, मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर व दर्शनी ओटा ही त्या काळच्या घरांची ओळख होय. गावठाणातील ईस्ट इंडियन कुटुंबांचे सणसमारंभ याच ओट्यावर होत. मे महिन्यात क्रुसासमोर रोझरी झाली की उकडलेले चणे वाटले जात.

ही घरे पडण्यामागे केवळ पैशाचा मोह आहे, असे आम्हांस वाटत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठली आणि मालकाला डागडुजी परवडेनाशी झाली. पिढीगणिक वारसांचे हिस्से वाढले. छपराचा खर्च कोणी करावा, हे ठरेना. ठाण्यात १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवलीत १९८३ मध्ये महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरांची लोकसंख्या मिळून तीस लाखांवर गेली आणि जमिनीचे मोल घरापेक्षा कितीतरी अधिक झाले. वारसा नियमांचे संरक्षण यादीत नोंदलेल्या वास्तूंनाच मिळते. साधी राहती घरे बहुधा यादीबाहेरच राहतात.

मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आजही उभे आहे, कारण त्याची काळजी सर्वांनी मिळून वाहिली. एकेकट्या कुटुंबाला ते जमणे कठीण. गळक्या छपराखाली राहणाऱ्यांना दोष देणे म्हणूनच उचित नव्हे.

तथापि पुनर्विकासाच्या करारावर सही करण्यापूर्वी घराची छायाचित्रे व मापे घ्यावीत, जुनी सनद व मिळकत पत्रिका यांच्या प्रती जपाव्यात आणि अंगणातील क्रुसाची जागा करारात स्पष्ट लिहून घ्यावी. घर राखणे प्रत्येकाला शक्य होईलच असे नाही. त्याची नोंद राखणे मात्र आपल्या हाती आहे.