टेलचा दुसरा बाण

विल्यम टेलची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी कुठे ना कुठे वाचलेली असते. मीही वाचली होती. अल्टडॉर्फच्या चौकात जुलमी अधिकारी गेसलर काठीवर आपली टोपी टांगतो. टेल तिला मुजरा करत नाही. शिक्षा काय, तर पोटच्या पोराच्या डोक्यावर ठेवलेलं सफरचंद बाणाने उडवायचं. टेल ते उडवतो. मग गेसलर विचारतो, दुसरा बाण कशाला काढून ठेवला होतास? पोराला लागलं असतं तर तो तुझ्यासाठी होता, असं टेल सांगतो. त्या उत्तराने तेव्हा अंगावर काटा आला होता.

पुढे कधीतरी कळलं की हा टेल बहुधा झालाच नाही. खरं सांगतो, वाईट वाटलं.

परंपरेप्रमाणे ही घटना १३०७ सालची. पण टेलचा पहिला लेखी उल्लेख सापडतो तो 'सार्नेनचं पांढरं पुस्तक' या १४७०च्या सुमाराच्या हस्तलिखितात, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी. गेसलर नावाचा अधिकारी तेव्हा उरी परगण्यात होता, असं दाखवणारा त्या काळातला एकही कागद नाही. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे साक्सो ग्रामाटिकुस या डॅनिश इतिहासकाराने १२००च्या आसपास टोको नावाच्या तिरंदाजाची हकिकत लिहून ठेवली आहे. तिथेही राजाचा हुकूम, मुलाच्या डोक्यावर सफरचंद, जास्तीचे बाण आणि तेच उत्तर!

१७६०मध्ये फ्रॉयडेनबर्गर नावाच्या बर्नकडच्या पाद्र्याने ही टेलकथा म्हणजे डॅनिश दंतकथा आहे, असं सांगणारी निनावी पुस्तिका काढली. उरीच्या सरकारने ती चक्क जाहीरपणे जाळली. इतिहासाच्या पुस्तकावरून खवळणं ही काही आपलीच खासियत नाही, हे वाचून जरा बरं वाटलं. आणि वाईटही.

मग स्वित्झर्लंडचा जन्म कुठे शोधायचा? त्यासाठी ऑगस्ट १२९१ ही तारीख असलेला एक लॅटिन करार पुढे आला. आज तो श्वीत्स गावच्या संग्रहालयात आहे. उरी, श्वीत्स आणि उंटरवाल्डन या तीन खोऱ्यांनी एकमेकांना शब्द दिला: संकटात धावून जाऊ, आपसातले तंटे आपल्यातल्या शहाण्यांकडून सोडवू, पैसे मोजून पद मिळवलेला किंवा बाहेरचा न्यायाधीश मानणार नाही. त्यात टेल नाही, गेसलर नाही, बंडही नाही. उलट ज्याने त्याने आपल्या धन्याची रीतसर चाकरी करावी, असंच लिहिलंय!

गंमत म्हणजे हा कागद अठराव्या शतकापर्यंत दप्तरात विस्मरणातच पडला होता. १८९१मध्ये त्याची सहाशे वर्षं थाटात साजरी झाली आणि १ ऑगस्ट हा राष्ट्रदिन ठरला. करारात नेमका दिवस नाही, फक्त ऑगस्टची सुरुवात म्हटलंय. शिवाय असे करार त्या काळी बरेच होत. त्यातला एक उचलून त्याला देशाचा जन्मदाखला केलं ते सहाशे वर्षांनंतरच्या लोकांनी. म्हणजे दंतकथा गेली आणि कागद आला, तरी गोष्ट रचायची हौस काही गेली नाही. चारच वर्षांनी, १८९५मध्ये, अल्टडॉर्फच्या चौकात टेलचा भव्य पुतळाही उभा राहिला.

तरीही त्या दुसऱ्या बाणाला नुसतं खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिलरने १८०४मध्ये टेलवर नाटक लिहिलं. त्याचे प्रयोग १९४१मध्ये हिटलरने बंद करवले. न झालेल्या माणसाचीही हुकूमशहाला भीती वाटली, हे मात्र कागदोपत्री झालेलं आहे.

फक्त आता मी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. टेल हा लोकांना काय व्हावंसं वाटत होतं त्याचा पुरावा आहे, काय झालं त्याचा नाही. आणि जे झालं तेही काही कमी नव्हतं. विकत घेतलेला न्यायाधीश नको, एवढी एक ओळ डोंगरातल्या शेतकऱ्या-गुराख्यांच्या खोऱ्यांनी सातशे वर्षांपूर्वी मोहोर लावून लिहून ठेवली. तिच्यावर नाटक होणार नाही, पुतळाही नाही. पण लहानपणी ती कुणी सांगितली असती, तर तेव्हा मला ती कंटाळवाणी वाटली असती.

आज तसं वाटत नाही.