नोंद किती खरी? : वायर्ड नेटवर्कवरील ट्रॅफिक टिपणाऱ्या हार्डवेअरच्या अभ्यासाची प्रस्तावना

एका गिगाबिट इथरनेट केबलमधून एका दिशेने एका सेकंदात जास्तीत जास्त १४,८८,०९५ फ्रेम, म्हणजे मजकूर ज्यात बांधून जातो ते गठ्ठे, जाऊ शकतात. हा आकडा इथरनेटच्या मांडणीतूनच निघतो. लहानात लहान फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधी ८ बाइटची पूर्वसूचना जाते आणि तिच्यामागे १२ बाइटइतकी जागा मोकळी सोडावी लागते. बेरीज ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. सेकंदाला शंभर कोटी बिट वाहत असतील, तर एका फ्रेमच्या वाट्याला ६७२ नॅनोसेकंद येतात. दहा गिगाबिटच्या केबलवर तेच ६७.२ नॅनोसेकंद होतात. तेवढ्यात फ्रेम उचलायची, तिच्यावर वेळेचा शिक्का मारायचा, ती मेमरीत ठेवायची आणि पुढच्या फ्रेमसाठी मोकळे व्हायचे. ज्या यंत्राला हे झेपत नाही, ते बहुधा बंद पडत नाही आणि तक्रारही करत नाही. ते काही फ्रेम गाळते आणि उरलेल्यांची नीटनेटकी फाइल आपल्या हाती देते.

या शाखेत नव्याने येणाऱ्याला सर्वांत आधी हेच सांगावेसे वाटते. टिपलेल्या ट्रॅफिकची फाइल ही तारेतून गेलेल्या मजकुराची नक्कल असते. इतिहासाचा अभ्यासक जुन्या कागदाची नक्कल हाती आली की ती कुणी केली, कशावरून केली, कुठली ओळ गळाली, हे आधी विचारतो आणि मग मजकुराचा अर्थ लावतो. नेटवर्कच्या अभ्यासकानेही हीच शिस्त अंगी बाणवायला हवी. इथे नक्कल करणारा कारकून म्हणजे आपण निवडलेले हार्डवेअर. त्याची निवड ही संशोधनाची पहिली पायरी आहे. ती चुकली तर पुढचे विश्लेषण कितीही कसदार असले, तरी ते अपुऱ्या नकलेवर उभे राहते.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न इतका बिकट नव्हता. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. तेव्हा सगळे संगणक एकाच जाड केबलला जोडलेले असत. एकाने पाठवलेली फ्रेम सर्वांपर्यंत पोचे, आणि जिच्यावर आपला पत्ता नाही ती प्रत्येक कार्ड सोडून देई. कार्डाला ‘काहीही सोडू नकोस’ असे सांगितले, म्हणजे ते प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये टाकले, की अख्ख्या केबलवरचे बोलणे ऐकू येई. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी टीसीपीडम्प हा ट्रॅफिक टिपणारा प्रोग्राम लिहिला, तो या जगात. टिपलेले ट्रॅफिक वाचण्यासाठी आज जगभर वापरले जाणारे वायरशार्क १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी ‘इथरियल’ या नावाने प्रसिद्ध केले, तेव्हाही कितीतरी कचेऱ्यांत हब होते, आणि हबचा स्वभाव त्या जाड केबलसारखाच होता.

मात्र त्याही काळात ज्यांना खोलात जायचे होते, त्यांनी साधनाकडे दुर्लक्ष केले नाही. अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेत विल लेलंड आणि डॅनियल विल्सन यांनी इथरनेट टिपण्यासाठी खास यंत्र घडवले आणि १९८९ पासून काही वर्षे बारीक वेळनोंदीसह ट्रॅफिक साठवले. मुराद ताक्कू आणि वॉल्टर विलिंगर यांच्यासह केलेल्या विश्लेषणातून निघालेला निष्कर्ष धक्का देणारा होता. टेलिफोनच्या गणितावरून असे मानले जाई की पुरेसा मोठा कालखंड घेतला की ट्रॅफिकमधले चढउतार सपाट होतात. तसे होत नव्हते. मिलिसेकंदांच्या आलेखात जशा उसळ्या दिसत, तशाच सेकंदांच्या आणि मिनिटांच्या आलेखातही दिसत. या शोधाने राउटरमधल्या रांगा किती लांब ठेवाव्यात याचा विचार बदलला. ढोबळ घड्याळाच्या आणि फ्रेम गाळणाऱ्या यंत्रावर हा शोध लागणे अवघड होते.

मग स्विच आला आणि ऐकण्याची जागाच गेली. स्विच कोणता पत्ता कोणत्या पोर्टमागे आहे हे शिकतो आणि फ्रेम फक्त त्याच पोर्टला देतो. आज एखाद्या कचेरीच्या स्विचला लॅपटॉप जोडून प्रॉमिस्क्युअस मोड सुरू केला, तर आपले स्वतःचे आणि सर्वांना उद्देशून पाठवलेले ट्रॅफिक सोडून फारसे काही दिसत नाही. त्यामुळे अभ्यासकापुढचा पहिला प्रश्न असा : कान कुठे लावायचा?

पहिले उत्तर पोर्ट मिररिंगचे. मॅनेज्ड स्विचला आज्ञा देता येते की अमुक पोर्टवरच्या प्रत्येक फ्रेमची प्रत तमुक पोर्टवर पाठव. पाच-आठ पोर्टच्या स्वस्त स्विचमध्येही ही सोय मिळते आणि शिकण्यासाठी ती उत्तम आहे. पण तिचा हिशेब नीट मांडावा. गिगाबिटची तार दोन्ही दिशांनी एकाच वेळी भरून वाहू शकते, म्हणजे एकूण दोन गिगाबिट. मिररचा पोर्ट मात्र बाहेर एकच गिगाबिट पाठवू शकतो. ट्रॅफिक वाढले की जादा फ्रेम निमूट गळतात, आणि नेमक्या त्याच क्षणी, जेव्हा अभ्यासण्यासारखे काही घडत असते. शिवाय बिघडलेल्या फ्रेम स्विच आधीच टाकून देतो, म्हणून केबलमधला दोष मिररवर दिसत नाही. प्रती रांगेतून बाहेर पडतात, त्यामुळे दोन फ्रेममधले अंतरही मूळचे राहत नाही.

दुसरे उत्तर टॅपचे. तारेच्या मधोमध बसवायचे हे छोटे साधन दोन्ही दिशांचा संकेत बाजूला काढून देते. इथे भौतिकशास्त्र आडवे येते आणि अनेक नवखे याच वळणावर अडखळतात. शंभर मेगाबिटच्या इथरनेटमध्ये जाण्यासाठी तारांची एक जोडी आणि येण्यासाठी दुसरी असते. म्हणून वीजपुरवठ्याशिवाय चालणारा साधा टॅप शक्य होतो. त्याला ऐकण्याची दोन तोंडे असतात आणि प्रत्येकावर एकेक दिशा मिळते. गिगाबिटच्या तांब्याच्या केबलमध्ये मात्र चारही जोड्यांवर दोन्ही टोके एकाच वेळी बोलतात. प्रत्येक टोक स्वतः पाठवलेला संकेत वजा करून समोरच्याचा ऐकते. मध्ये कान लावणाऱ्याला दोघांचा मिसळलेला आवाज मिळतो, आणि तो वेगळा करण्याचे साधे साधन त्याच्याकडे नसते. म्हणून इथे सक्रिय टॅप लागतो. तो दोन्ही बाजूंशी स्वतंत्र जोडणी करतो, संकेत पुन्हा निर्माण करतो आणि प्रत बाहेर देतो. वीज गेली तर आतले रिले दोन्ही बाजू थेट जोडतात, तरी जोडणी क्षणभर तुटू शकते. असा टॅप घेताना वीज गेल्यावर काय होते, हे विक्रेत्याला आवर्जून विचारावे.

मायकेल ऑसमन यांचा ‘थ्रोइंग स्टार लॅन टॅप’ गिगाबिटच्या या अडचणीला वेगळे उत्तर देतो. त्यातले दोन कपॅसिटर गिगाबिटची बोलणी होऊ देत नाहीत आणि जोडणी शंभर मेगाबिटवर उतरते. शिकण्यासाठी हे साधन फार सुंदर आहे, कारण त्यात काय चालले आहे ते डोळ्यांनी दिसते. परंतु पाहण्यासाठी आपण नेटवर्कचा वेग दहापट कमी केला, हे नोंदवहीत लिहायलाच हवे.

फायबरवर काम सोपे होते. काचेचा स्प्लिटर प्रकाशाचा एक भाग पुढे जाऊ देतो आणि एक बाजूला वळवतो. त्याला वीज लागत नाही. पन्नास-पन्नास विभागणीत प्रत्येक बाजूला सुमारे तीन डेसिबल घट सोसावी लागते, म्हणून तेवढा प्रकाश कमी झाल्यावर पलीकडचे टोक वाचू शकेल का, हे आधी तपासावे.

प्रत हाती आली, तरी ती साठवणाऱ्या संगणकाची परीक्षा बाकी असते. खोक्यावर गिगाबिट लिहिले म्हणजे तेवढे पोचतेच असे नाही. रास्पबेरी पाय ३ बी प्लसचे गिगाबिट पोर्ट आत यूएसबी २.० मधून जाते, म्हणून प्रत्यक्षात सुमारे तीनशे मेगाबिटवर अडते. पाय ४ मध्ये ही अडचण राहिली नाही. नेटवर्क कार्डे आणि लिनक्सचा कर्नल कामाचा भार हलका करण्यासाठी लागोपाठच्या फ्रेममधली अनेक पॅकेट एकत्र करतात. मग नोंदीत अशी लांबलचक पॅकेट दिसतात जी तारेतून कधी गेलीच नव्हती. टिपण्याच्या संगणकावर ही सोय बंद ठेवावी. पिसा विद्यापीठातल्या लुइजी रिझ्झो यांनी २०१२ मध्ये नेटमॅप मांडताना दाखवून दिले की पॅकेटची वाट नीट आखली, तर ९०० मेगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसरचा एकच गाभा दहा गिगाबिटचा पूर्ण वेग सांभाळू शकतो. महाग प्रोसेसर घेण्याआधी हे ध्यानात असावे. डिस्कचे गणितही कडक आहे. एका दिशेने भरून वाहणारी गिगाबिटची तार तासाला ४५० जीबी आणि दिवसाला १०.८ टीबी मजकूर देते.

उरले घड्याळ. सॉफ्टवेअर वेळ लिहिते तेव्हा पॅकेट कार्डातून मेमरीत पोचून काही काळ झालेला असतो, आणि तो काळ दर वेळी सारखा नसतो. न्यूझीलंडमधल्या वायकाटो विद्यापीठात तयार झालेल्या ‘डॅग’ कार्डांनी फ्रेम येताक्षणी कार्डावरच शिक्का मारण्याची वाट दाखवली. आज इंटेलच्या आय२१० सारख्या साध्या कार्डातही वेळनोंदीची सोय आहे. दोन ठिकाणच्या नोंदी जुळवायच्या असतील, तर दोन्ही घड्याळे एकमेकांशी जुळलेली असणे ही पहिली अट. त्यासाठी घड्याळे जुळवणारे प्रोटोकॉल आहेत : मिलिसेकंद पुरत असेल तर एनटीपी, त्याहून बारीक हवे असेल तर पीटीपी.

या सगळ्यातून निवड कशी करायची? आधी प्रश्न लिहून काढावा. तालुक्याच्या गावी केबलचे इंटरनेट देणाऱ्या व्यावसायिकाला ‘संध्याकाळी वेग का पडतो’ एवढेच शोधायचे असेल, तर राउटरने दिलेला फ्लोचा गोषवारा पुरतो. कोण कुणाशी, किती वेळ, किती बाइट बोलले हे त्यात येते. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेला मिरर करणारा छोटा स्विच आणि एक जुना संगणक पुष्कळ झाला. बँकेच्या सर्व्हरवरील घुसखोरीचा पुरावा गोळा करायचा असेल, तर दोन्ही दिशा वेगळ्या देणारा टॅप, दोन पोर्टचे कार्ड आणि वेगवान डिस्क याला पर्याय नाही.

निवड झाल्यावर ताळा करावा. एका यंत्रावरून मोजून दहा लाख पॅकेट पाठवावीत आणि टिपणाऱ्या यंत्रावर किती आली ते पाहावे. लहान पॅकेट, मोठी पॅकेट, एक दिशा, दोन्ही दिशा, अशा वेगवेगळ्या रीतींनी पाहावे. कार्डाचे, कर्नलचे आणि स्विचचे गळतीचे आकडे शेजारी मांडावेत. ज्या साधनाचा असा ताळा झाला आहे, ते स्वस्त असले तरी विश्वासाचे.

याच साधनांनी माणसांचे खासगी बोलणेही टिपता येते, म्हणून या शाखेत कायद्याची जाण अभ्यासाइतकीच गरजेची आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ६९ब ट्रॅफिकच्या माहितीवर देखरेख ठेवण्याचा अधिकार ठरावीक कारणांसाठी सरकारने नेमलेल्या यंत्रणेला देते. तो अभ्यासकाचा परवाना नव्हे. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी संस्थांना लॉग १८० दिवस जपणे आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवणे बंधनकारक केले आहे. आपल्या नेटवर्कवर, लेखी परवानगीने, गरजेपुरते टिपावे. मजकूर लागत नसेल तर शीर्षके ठेवून बाकीचे तिथेच कापावे.

एन्क्रिप्शन सर्वत्र पसरल्यामुळे तारेवर पाहण्यासारखे काही उरले नाही, असे कुणी म्हणते. टीएलएस आणि क्विक या प्रोटोकॉलांनी मजकूर झाकला हे खरे, आणि ते चांगलेच झाले. पण पॅकेटची लांबी, क्रम, दिशा आणि त्यांच्यामधली अंतरे अजून उघडी आहेत. बिघाड, गर्दी आणि घुसखोरी यांचे निदान आता मोठ्या प्रमाणावर याच खुणांवरून करावे लागते, आणि या खुणा अचूक टिपण्याची जबाबदारी हार्डवेअरवर येते. म्हणून या अभ्यासाचे मोल वाढतच जाणार आहे.

या शाखेत येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत. केबलची टोके क्रिंप करणाऱ्या हाताला आणि गणित मांडणाऱ्या डोक्याला इथे सारखाच मान आहे. एकच आग्रह धरतो : निष्कर्ष लिहाल तेव्हा त्याच्या शेजारी साधनही लिहा. कुठे कान लावला, कोणता टॅप किंवा स्विच होता, कार्ड कोणते, घड्याळ कशाशी जुळवले, किती फ्रेम गळल्या. एवढे लिहिले की तुमची नोंद दुसऱ्याला तपासता येते, आणि तपासता येणाऱ्या नोंदींवरच ही विद्या पुढे जाते.