दारावरची अक्षरे

लहानपणी आजीने मला उर्दू अक्षरे शिकवली. शाळा मराठी, कविताही मराठीत. त्यामुळे ती अक्षरे घरापुरतीच राहिली. इस्तंबूलमध्ये एका हॉटेलच्या दारात मात्र ती अचानक कामी आली.

आया सोफिया आणि निळी मशीद यांच्यालगतच्या गल्लीत पिवळ्या भिंतींची एक देखणी इमारत आहे. हे फोर सीझन्स, पंचतारांकित हॉटेल. दारावर जुन्या उस्मानी लिपीत एक ओळ आहे. अक्षर अक्षर जुळवत वाचली : ‘दरसआदत जिनायत तौकीफखानेसी’. दरसआदत, म्हणजे सौभाग्याचे द्वार, हे इस्तंबूलचेच जुने नाव. जिनायत म्हणजे गुन्हा, तौकीफ म्हणजे अटक. आणि ‘खाना’ तर आपल्या दवाखान्यातला, कारखान्यातला! गल्लीही अजून तौकीफखान्याचेच नाव सांगते.

१९१८-१९ च्या सुमारास, उस्मानी साम्राज्य मोडत असताना हा तुरुंग उभा राहिला. पुढे चोर-खुन्यांच्या जोडीला लेखकही इथे आले. १९३९ मध्ये नाझिम हिकमत इथेच कैदेत होते. सैनिकी शाळेतली मुले त्यांच्या कविता वाचत; त्यावरून लष्कराला चिथावल्याचा ठपका आला आणि अठ्ठावीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. १९५० मध्ये ते सुटले, १९५१ मध्ये त्यांचे नागरिकत्व गेले, १९६३ मध्ये मॉस्कोत ते वारले. नागरिकत्व परत मिळाले ते २००९ मध्ये! फैज अहमद फैज यांच्या उर्दू अनुवादांतून मला ते भेटले होते.

तुरुंग बंद पडला आणि १९९६ मध्ये तिथे ६५ खोल्यांचे हॉटेल सुरू झाले. कैदी जिथे फेऱ्या मारत, त्या अंगणात आज बाग आहे. याचा मला राग आला नाही. हॉटेल झाले म्हणून भिंती उभ्या आहेत. आपल्याकडचे कितीतरी वाडे तेवढेही नशीब घेऊन आले नाहीत.

रुखरुख लागली ती वेगळीच. तुर्कस्तानने १९२८ मध्ये रोमन लिपी स्वीकारली. दारावरची ओळ मी मोठ्याने वाचली, तेव्हा दारवान चमकून हसला. शब्द त्याच्याच भाषेतले होते. अक्षरे तेवढी परकी झाली होती.

घरी पेटीत आजीची पत्रे आहेत. माझ्या मुलांना ती वाचता येत नाहीत, पण ऐकली की समजतात. परतल्यापासून रात्री जेवण झाले, की मी त्यांतले एक मोठ्याने वाचतो.