कुत्र्यांच्या शर्यतीचं बिल कोण भरतं?

फेब्रुवारी १९७८. लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात ‘क्रफ्ट्स’ हा प्रसिद्ध डॉग शो भरला होता. मुख्य रिंगणात दोन कार्यक्रमांच्या मधे बराच वेळ मोकळा होता आणि तेवढ्यात प्रेक्षकांना काहीतरी दाखवायला हवं होतं. आयोजन समितीतले जॉन व्हार्ली घोड्यांच्या दुनियेतले. त्यांना शो-जंपिंग आठवलं. घोड्यांसारख्या उड्या कुत्र्यांनी मारल्या तर? त्यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला गाठलं, अडथळे तयार झाले, दोन संघ उतरले आणि लोकांनी रिंगण डोक्यावर घेतलं.

डॉग ॲजिलिटीचा जन्म हा असा. तुमच्या इन्स्टा फीडमध्ये खांबांच्या रांगेतून नागमोडी सुटणारी बॉर्डर कोली दिसते ना, तोच हा खेळ. उड्या, बोगदा, टायर, सीसॉ, तिरक्या फळ्यांचा ए-फ्रेम. मालक शेजारून धावत रस्ता दाखवतो, पण कुत्र्याला हात लावायचा नाही. १९८० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने नियम छापले आणि मधल्या वेळेतला टाइमपास अधिकृत खेळ झाला.

मला या इतिहासात रस आहे तो एका कारणासाठी. हा खेळ स्वस्त की महाग, हे कुत्रा ठरवत नाही, नियमपुस्तिका ठरवते. उडीची उंची वाढवली की मोठं मैदान लागतं. ए-फ्रेम उंच केला की तो पेलणारी मजबूत चौकट लागते, ती वाहून न्यायला टेम्पो लागतो, ठेवायला गोदाम लागतं. एका ओळीतला एक आकडा बदलला की पन्नास माणसांचा खर्च बदलतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही.

अमेरिकेत काय झालं ते यासाठीच बघण्यासारखं आहे. १९८६ मध्ये टेक्सासच्या केनेथ टॅच यांनी ‘युनायटेड स्टेट्स डॉग ॲजिलिटी असोसिएशन’ सुरू केली आणि ब्रिटिश धाटणीचा खेळ तिकडे नेला. मोठी मैदानं, भन्नाट वेग आणि मोठ्या कुत्र्यांसाठी तब्बल ३० इंचांच्या उड्या. साधारण त्याच काळात कॅन्ससचे चार्ल्स ‘बड’ क्रेमर वेगळंच काहीतरी मांडत होते. त्यांच्या ‘नॅशनल क्लब फॉर डॉग ॲजिलिटी’च्या खेळात अडथळे छोटे होते, जागा कमी लागायची आणि वेगापेक्षा कुत्र्यावरच्या ताब्याला महत्त्व होतं. घरामागच्या अंगणातही सराव करता येईल असा मामला.

एकाच कल्पनेचे दोन फोर्क. एक प्रेक्षकांसाठी, दुसरा खेळणाऱ्यांसाठी.

पुढे क्रेमर यांचा फोर्क ‘युनायटेड केनेल क्लब’ने आपल्याकडे घेतला. झुलता पूल आणि हलती फळी असे काही गमतीदार अडथळे त्यात टिकून राहिले, पण तो खेळ मुख्य प्रवाह झाला नाही. मला विचाराल तर कारण सोपं आहे. सुसाट धावणारा कुत्रा बघायला मजा येते, शहाण्यासारखा फळीवरून चालणारा कुत्रा बघायला तेवढी येत नाही. स्वस्त खेळ दिसायलाही साधा असतो, हे त्याचं दुर्दैव.

१९९४ मध्ये ‘अमेरिकन केनेल क्लब’ मैदानात उतरला. ही १८८४ पासूनची संस्था, नाव मोठं, गावोगावी संलग्न क्लब. पण तिचं दार फक्त नोंदणीकृत जातिवंत कुत्र्यांसाठी उघडं होतं. तुमचा कुत्रा कितीही चपळ असो, कागद नसेल तर बाहेर. हे दार मिश्र जातीच्या कुत्र्यांसाठी उघडलं ते २०१० मध्ये. मधल्या काळात हे कुत्रे गेले कुठे? दुसऱ्या संघटनांकडे. १९९३ मध्ये शॅरन नेल्सन यांनी ‘नॉर्थ अमेरिकन डॉग ॲजिलिटी कौन्सिल’ काढली, तिथे उड्या कमी उंचीच्या. १९९८ मध्ये ‘कॅनाइन परफॉर्मन्स इव्हेंट्स’ आली, तिचा सगळा भर मजेवर. बड ह्यूस्टन यांनी तर फक्त १७ इंच किंवा त्याहून बुटक्या कुत्र्यांसाठी ‘टीकप’ संघटना काढली. अडथळे लहान, त्यांच्यातलं अंतर कमी, म्हणजे मैदानही लहान.

इतक्या संघटना म्हणजे भांडणं असणारच, असं वाटेल. पण नव्या संघटनेला फार काही लागत नव्हतं, म्हणून त्या निघू शकल्या. संघटना नियम लिहिते, परीक्षकांना मान्यता देते, कोणत्या कुत्र्याने कोणता किताब मिळवला याची नोंद ठेवते. बस्स. बाकी सगळं स्थानिक क्लबच्या डोक्यावर. मैदान भाड्याने घ्यायचं, परीक्षकाच्या प्रवासाची सोय करायची, अडथळे सांभाळायचे. आणि खरा खर्च वाचतो तो माणसांमुळे. पडलेल्या दांड्या परत लावणारा, परीक्षकाचा हात वर गेला की चूक टिपून घेणारा, वेळ नोंदवणारा, पुढच्या कुत्र्याला हाक मारणारा, असे सात-आठ जण एका रिंगणाला लागतात. त्यांना पगार द्यायचा तर प्रवेश फी कोणालाच परवडणार नाही. म्हणून तुमचा कुत्रा धावून झाला की तुम्ही दांड्या लावायला बसता, आणि मग दांड्या लावणारी धावते. बदल्यात फार तर जेवणाचं कुपन. आपल्या गणेश मंडळाच्या मांडवात खुर्च्या उचललेल्या कोणालाही हे अर्थशास्त्र वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

यात ‘क्लब’ या शब्दाचा अर्थ दडलेला आहे. खासगी अकॅडमीत तुम्ही गिऱ्हाईक असता. क्लबमध्ये एक बोगदा वीस घरांचा असतो.

आता आपल्याकडचं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या शोमध्ये कारवान हाउंड दिसतो, कारण ती मान्यताप्राप्त जात आहे. पण पुण्यात माझ्या सोसायटीत जे सात-आठ जण रोज सकाळी भेटतो, त्यातल्या पाच जणांकडे गावठी कुत्री आहेत, रस्त्यावरून उचलून आणलेली. यांना कागद कुठला? माझी चिंगी सहा फुटी कंपाउंड चढते आणि वंशावळीच्या रकान्यात तिचं उत्तर ‘चहाच्या टपरीमागे’ एवढंच आहे. तिच्यासाठी १९९४ चा फोर्क कामाचा नाही, कॅन्ससचा कामाचा आहे. बुटक्या उड्या, बॅडमिंटन कोर्टाएवढी जागा, ताब्यावर भर.

दांड्यांचं काम सोपं आहे. पीव्हीसी पाइप, टी, एल्बो, हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळतं. दांडी घट्ट बसवायची नाही, नुसती टेकवायची, म्हणजे पाय लागला तर ती पडेल, कुत्रा नाही. सीसॉ आम्ही तूर्त वगळला आहे. फळी दाणकन आपटली की नवखा कुत्रा घाबरतो आणि मग आठवडाभर जवळ फिरकत नाही. नियमांचं पान मी लिहायला घेतलंय. पहिली ओळ: कोणत्याही जातीचा, बिनजातीचाही. दुसरी: धावणाऱ्याने दांड्याही लावायच्या. तिसऱ्या ओळीवर गाडं अडलंय, कारण बोगदा दुमडला तरी एका स्कूटरची जागा खातो आणि तो कोणाच्या पार्किंगमध्ये ठेवायचा यावर ग्रुपवर काल रात्रीपासून एकशे चौदा मेसेज झाले आहेत.