विमानतळावरची तपासणी: मशीन काय बघतं, आणि आपल्या बोलण्याचं काय होतं?

माझं गाव मार्कंडा, तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली. वैनगंगेच्या काठावरची जुनी दगडी देवळं आणि महाशिवरात्रीची जत्रा यामुळे तुम्ही नाव ऐकलं असेल. आम्हाला विमान पकडायचं तर आधी नागपूर गाठावं लागतं. मध्यंतरी माझा मावसभाऊ मुलाखतीसाठी पहिल्यांदाच विमानाने निघाला होता. आदल्या रात्री त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "दादा, तिथं फोन उघडून पाहतात का? मी सूरजागडच्या खाणीबद्दल स्टेटस टाकलं होतं. डिलीट मारू का?"

आमच्या भागात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. नाकाबंदीत गाडी थांबवून 'कुठून आला, कुठं चालला' विचारतात, हे आम्ही लहानपणापासून पाहिलंय. त्यामुळे गणवेश दिसला की हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. त्याला त्या रात्री जे सांगितलं, तेच इथं जरा नीट लिहितोय.

एक्स-रे मशीनला स्टेटस दिसतं का?

नाही. बहुतेक मोठ्या विमानतळांवर ही तपासणी सीआयएसएफचे जवान करतात आणि तिचे नियम बीसीएएस, म्हणजे नागरी विमान सुरक्षा ब्युरो ठरवतो. त्यांना शोधायच्या असतात वस्तू: हत्यार, स्फोटक, ज्वलनशील द्रव. एक्स-रेच्या पडद्यावर वस्तू ज्या पदार्थाची आहे त्यानुसार रंग दिसतात. अन्न, कागद, कापड, प्लास्टिक असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे, मधल्या घनतेचे हिरवे. गंमत अशी की बरीच स्फोटकंही सेंद्रिय असल्यामुळे नारिंगीच दिसतात. म्हणून आईने डब्यात दाबून भरलेले मोहाचे लाडू पडद्यावर घट्ट नारिंगी गोळ्यासारखे दिसले तर जवान बॅग उघडायला सांगणारच. त्यात संशय तुमच्यावर नसतो, लाडवावर असतो. कधी कधी बॅगेवर कापडाची पट्टी फिरवून ती दुसऱ्या मशीनमध्ये घालतात. ते मशीन स्फोटकाचे अगदी बारीक कण हुंगतं.

फोन ट्रेमध्ये ठेवून याच मशीनमधून जातो. एक्स-रे फोनमधला डेटा वाचत नाही आणि पुसतही नाही. पडद्यावर दिसतात ती फक्त बॅटरी, सर्किट, कॅमेऱ्याची भिंगं. फोन चालू करून दाखवायला सांगू शकतात, कारण फोनच्या खोक्यात दुसरंच काही भरलेलं नाही ना ते बघायचं असतं. पण गॅलरी, चॅट, स्टेटस वाचणं हा या तपासणीचा भागच नाही. (पॉवरबँक मात्र हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन बॅगेत टाकली तर ती बॅग परत बाहेर काढायला लावतात.)

मग बोलण्यामुळे अडचण कधी येते?

माझ्यावर एकदा आली होती. कॉलेजचे आम्ही चौघं निघालो होतो. विमानतळ कुठला ते राहू द्या. रांगेत मागून मित्र मोठ्याने ओरडला, "साहेब, याची बॅग नीट बघा, गडचिरोलीचा आहे, बॉम्बगिंब असंल!" सगळे हसले, जवान हसला नाही. मला बाजूला घेतलं, बॅग पूर्ण रिकामी केली, ओळखपत्रावरचा पत्ता दोनदा वाचला, मित्रालाही थांबवून घेतलं. विमान सुटता सुटता मिळालं. त्या वेळी मला जवानाचा राग आला होता. आता वाटतं, 'बॉम्ब' हा शब्द कानावर पडल्यावर 'हा गमतीत म्हणाला असेल' असं ठरवायची मोकळीक त्याला नसतेच. राग मित्राच्या विनोदातल्या 'गडचिरोली' या शब्दाचा यायला हवा होता.

कायदा इथे कडक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरातल्या विमानांना धमक्यांचे शेकडो खोटे मेसेज आले. मुंबईहून सुटणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानांना एक्सवरून आलेल्या धमक्यांचा माग पोलिसांनी काढला, तो पोहोचला आमच्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये राजनांदगावला, १७ वर्षांच्या एका मुलापर्यंत. पैशाच्या भांडणात ओळखीच्या माणसाला अडकवायला त्याने त्याच्या नावाने खातं उघडलं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये विमान सुरक्षा नियमांत बदल झाला आणि अशी खोटी माहिती देणाऱ्या व्यक्तीला १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली. उडत्या विमानाच्या सुरक्षिततेला धोका होईल अशी खोटी माहिती, खोटी आहे हे माहीत असून दिली, तर १९८२ च्या कायद्यात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे.

'माहीत असून' हे शब्द महत्त्वाचे. १४ नोव्हेंबर २०२४ ला नागपूरहून कोलकात्याला निघालेलं विमान रायपूरला उतरवावं लागलं, कारण एका प्रवाशाने बॉम्ब असल्याचं कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं. तपासात काही सापडलं नाही आणि त्याला अटक झाली. नंतर कळलं की तो गुप्तचर विभागाचा अधिकारी आहे. मला मिळालेली माहिती मी फक्त पुढे कळवली, अशी त्याची बाजू होती. म्हणजे अशा ठिकाणी नुसतं बोलणंही किती महागात पडू शकतं बघा. खरंच काही संशयास्पद दिसलं तर गप्प बसू नका, पण जे दिसलं तेवढंच सांगा. 'तिथे बेवारस बॅग आहे' आणि 'तिथे बॉम्ब आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

विमान कंपनी आणि टीका

टीका ही धमकी नसते. सरकारवर, खाणीवर, खुद्द विमानतळाच्या रांगेवर टीका करणं संविधानाच्या कलम १९(१)(अ) मध्ये बसतं. पण विमानात चढल्यावर आणखी एक नियमावली लागू होते. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याचं प्रकरण गाजलं, आणि त्याच वर्षी डीजीसीएने बेशिस्त प्रवाशांसाठी तीन पातळ्यांचे नियम आणले. तोंडी त्रासाला ३ महिन्यांपर्यंत बंदी, धक्काबुक्कीला ६ महिन्यांपर्यंत, जिवाला धोका केला तर किमान २ वर्षं.

२८ जानेवारी २०२० ला मुंबई–लखनौ विमानात कॉमेडियन कुणाल कामराने पत्रकार अर्णब गोस्वामी यांना त्यांच्या जागेपाशी जाऊन प्रश्न विचारले आणि व्हिडिओ टाकला. इंडिगोने त्याच्यावर ६ महिन्यांची बंदी घातली, इतर काही कंपन्यांनीही घातली. त्या विमानाच्या वैमानिकाने मात्र कंपनीला लिहिलं की वागणं खटकणारं होतं, पण पहिल्या पातळीतही बसत नव्हतं. पुढे कंपनीच्या समितीने बंदी ३ महिन्यांवर आणली. बांधून ठेवलेल्या माणसासमोर कॅमेरा धरणं मला स्वतःला आवडलं नाही. पण चौकशीआधीच ६ महिने हे त्याहून खटकतं.

खरी अडवणूक दुसऱ्याच टेबलावर

मावसभावाच्या भीतीला ज्याची उपमा बसेल अशी घटना ११ जानेवारी २०१५ ला दिल्ली विमानतळावर घडली. ग्रीनपीसच्या कार्यकर्त्या प्रिया पिल्लई लंडनला चालल्या होत्या. मध्य प्रदेशातल्या महान जंगलात होऊ घातलेल्या कोळसा खाणीबद्दल त्या ब्रिटिश खासदारांशी बोलणार होत्या. त्यांना थांबवलं ते सुरक्षा तपासणीत नव्हे, इमिग्रेशनच्या खिडकीवर. तिथल्या संगणकावर 'लुकआउट सर्क्युलर' असतं. कुठली तरी तपास यंत्रणा नाव देते आणि पासपोर्ट स्कॅन झाला की ते नाव समोर येतं. प्रवाशाला आधी कळवतही नाहीत. १२ मार्च २०१५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ही अडवणूक रद्द केली. विकासाबद्दल सरकारपेक्षा वेगळं मत असणं हा देशद्रोह नाही, असा त्या निकालाचा रोख होता. परदेशी जाण्याचा हक्क कलम २१ मध्ये येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आणि मनेका गांधी खटल्यात १९७८ मध्ये आधीच सांगितलेलं होतं. निकाल चांगला, पण ती बैठक हुकली ती हुकलीच.

देशातल्या देशात उडताना ही इमिग्रेशनची खिडकी लागत नाही. पोलिसांनी गुन्ह्याच्या तपासात फोन जप्त करणं हाही वेगळा विषय आहे. तिथे पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांचे सूर वेगळे आहेत.

अमेरिकेतलाही एक किस्सा ऐका. डिसेंबर २०१० मध्ये रिचमंड विमानतळावर ॲरन टोबी या विद्यार्थ्याने शर्ट काढला. छातीवर त्याने तिथल्या संविधानातली झडतीविरुद्धची दुरुस्ती लिहून ठेवली होती. त्याला बेड्या पडल्या, पण २०१३ मध्ये अपील न्यायालयाने त्याचा दावा पुढे चालू दिला. आपल्याकडे हा प्रयोग करू नका, शर्ट अंगावरच बरा.

रील बनवणाऱ्यांसाठी: तपासणीच्या जागेत मोबाइल खिशात किंवा ट्रेमध्येच ठेवा, तिथे शूटिंगला मनाई असते. खिडकीतून ढग टिपायला हरकत नाही. आणि कोणी थांबवलं तर आवाज न चढवता एवढंच विचारा: तुम्ही सीआयएसएफचे, विमान कंपनीचे, की इमिग्रेशनचे? आणि कारण काय? उत्तर, वेळ, काउंटर नंबर लगेच फोनमध्ये टिपून ठेवा. पुढे एअरसेवा ॲपवर तक्रार करायची झाली तर हेच कामी येतं.

मावसभावाने स्टेटस डिलीट केलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा मेसेज आला: "फोन कोणी पाहिला नाही. लाडवाचा डबा तेवढा उघडायला लावला."