अष्टकोनी कुंडातली रात्र

बिशप अँब्रोज तुमच्या कानांना बोट लावतात, मग नाकपुड्यांना. तोंडून एकच शब्द निघतो, आणि तो अरामी आहे. येशूने एका बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरं करताना उच्चारलेला. शुभवर्तमानातल्या त्या प्रसंगात येशूचं बोट जिभेला लागतं. इथे ते नाकाला लागतं, कारण विधी घेणाऱ्यांत बायकाही आहेत आणि त्यांच्या ओठांना हात लावणं बिशपना प्रशस्त वाटत नाही. कान आता ऐकण्यासाठी मोकळे झाले, नाक सुगंधासाठी. सुगंध कसला, ते अजून तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

तारीख 24 एप्रिल 387, शनिवार. शहर मिलान. पश्चिम रोमन साम्राज्याचा दरबार सध्या इथे आहे, त्यामुळे रस्त्यांवर शिपाई, कारकून, वकील आणि नोकरीच्या आशेने आलेले पंडित यांची दाटी. तुम्ही सकाळपासून उपाशी आहात. रात्र जागून काढायची आहे आणि पहाटेपूर्वी तुमचा बाप्तिस्मा होणार आहे.

बाप्तिस्म्यात नेमकं काय करतात, हे मात्र तुम्हाला ठाऊक नाही. गेले चाळीस दिवस तुम्ही रोज बिशपचं प्रवचन ऐकलंत. अब्राहामाची कथा झाली, इसहाक आणि याकोब झाले, नीतिसूत्रांवरचं निरूपण झालं. कसं वागावं ते सांगितलं गेलं. विधीबद्दल चकार शब्द नाही. रविवारच्या उपासनेत प्रवचन संपलं की तुम्हाला बाहेर जावं लागायचं आणि आत पुढे काय चालतं हे शेजारीपाजारीही सांगत नसत. मागच्या रविवारी मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचं कबुलीसूत्र, तोंडी शिकवला, तोही ताकीद देऊन, की लिहून ठेवू नका, पाठ करा. इथल्या मंडळीची रीत अशी आहे की गोष्ट आधी घडू द्यायची, अर्थ नंतर सांगायचा. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. जन्माला येण्यापूर्वी कुणालाही जन्माची माहिती दिली जात नाही.

तुमच्यापुढे तिघे जण उभे आहेत, त्यांच्याकडे जरा निरखून पाहा. मधला बत्तीस वर्षांचा, आफ्रिकेतून आलेला. काही महिन्यांपूर्वीपर्यंत तो या शहरात वक्तृत्वाचा सरकारी प्राध्यापक होता, सम्राटाची स्तुतिपर भाषणं करत होता. छातीचं दुखणं आणि मनातली उलथापालथ, दोन्ही एकदम उठली आणि त्याने नोकरी सोडली. नाव ऑगस्टीन. शेजारी त्याचा पंधराएक वर्षांचा मुलगा अदेओदातुस. मुलाची आई इथे नाही. ती बरीच वर्षं ऑगस्टीनसोबत राहिली, पण तोलामोलाचं लग्न जुळवण्यासाठी तिला आफ्रिकेला परत पाठवण्यात आलं. तिसरा त्याचा मित्र अलिपियस. देहाला वळण लावायचं म्हणून हा गृहस्थ उत्तर इटलीच्या गारठलेल्या जमिनीवर अनवाणी चालला आहे.

आज रात्री यांच्यापैकी कुणीही प्रसिद्ध नाही. रांगेत एखादा सैनिक आहे, कुणा घरचा गुलाम आहे, आणि त्यांच्यातच हे तिघे.

वयाची तिशी ओलांडल्यावर बाप्तिस्मा? ऑगस्टीनची आई मोनिका तर जन्मापासूनची ख्रिस्ती. पण या काळात असं सर्रास घडतं. बाप्तिस्म्याने मागची सगळी पापं धुतली जातात, आणि तो एकदाच घेता येतो. मग लोक हिशेब करतात: तारुण्य जाऊ दे, मग बघू. सम्राट कॉन्स्टंटाईनने 337 मध्ये मरणाच्या दारात तो घेतला. ऑगस्टीन लहानपणी पोटदुखीने अत्यवस्थ झाला तेव्हा बाप्तिस्म्याची तयारीही झाली होती. पोरगं बरं झालं आणि बेत पुढे ढकलला गेला.

त्याच्या मनात आणखी एक आठवण आहे. तो गावी तरुण शिक्षक असताना त्याचा जिवलग मित्र तापाने बेशुद्ध पडला आणि घरच्यांनी त्याला तशाच अवस्थेत बाप्तिस्मा दिला. मित्र शुद्धीवर आला. ऑगस्टीनला वाटलं, आता दोघं मिळून या प्रकारावर हसू. जे घडलं ते मित्राला कळलंसुद्धा नव्हतं. पण मित्राने त्याच्याकडे वैऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि बजावलं, की मैत्री हवी असेल तर असं बोलायचं नाही. थोड्याच दिवसांत ताप उलटला आणि तो गेला. बुद्धीवर जगणाऱ्या प्राध्यापकाला हे कोडं कायमचं डाचत राहिलं. ज्याला ना समजलं, ना ज्याने मागितलं, तो माणूस बदलला कसा?

आता रात्र पडली आहे. तुम्हाला बाप्तिस्मागृहात नेतात. इमारत आठ कोनांची, मधलं कुंडही आठ कोनांचं. जवळपास सोळाशे वर्षांनी, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मेट्रोच्या खोदकामाच्या वेळी मिलानच्या कॅथीड्रलसमोर तिचा पाया उघडा पडणार आहे. आज मात्र भिंती उभ्या आहेत आणि दिव्यांचा उजेड पाण्यावर हलतो आहे. आठच कोन का? सृष्टीची निर्मिती सात दिवसांची. ख्रिस्त उठला तो शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सातांच्या पलीकडच्या आठव्या. जुनं कालचक्र जिथे संपतं, तिथून हा दिवस सुरू होतो. या बाप्तिस्मागृहासाठी अँब्रोजनी आठ द्विपदींची लॅटिन कविता रचली असं मानतात, आणि तिचा विषयही हाच आठाचा आकडा आहे.

कपडे उतरवा. सगळे. स्त्रियांची व्यवस्था वेगळी आहे. पगडी, पदवी, अंगठी, गुलामीची खूण, काहीच आत न्यायचं नाही. डीकन आणि पाळक येऊन तुमच्या अंगाला तेल चोळतात, आखाड्यात उतरणाऱ्या मल्लाला चोळावं तसं. मग विचारतात: सैतानाला आणि त्याच्या कृत्यांना सोडतोस का? जगाला आणि त्याच्या चैनीला सोडतोस का? तुम्ही उत्तर देता आणि पूर्वेकडे वळता. वसईतल्या चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री मेणबत्त्या हातात धरून लोक आजही हीच शपथ मराठीत ताजी करतात.

पाण्यात पाऊल टाका. एप्रिल असला तरी पाणी गार आहे आणि तेल चोपडलेल्या अंगावरून ते सरकतं. बिशप विचारतात, सर्वसमर्थ पिता देवावर विश्वास आहे का. आहे म्हणता, आणि एक हात तुम्हाला खाली दाबतो. कान, नाक, डोळे, सगळं पाण्याखाली. वर येता. प्रभू येशू ख्रिस्तावर आणि त्याच्या वधस्तंभावर? आहे. पुन्हा खाली. या खेपेला छातीत श्वास कमी पडतो. पवित्र आत्म्यावर? तिसऱ्यांदा खाली.

इथे जरा थांबा, पाण्याखालीच. अँब्रोज पुढे सांगणार आहेत की हे कुंड थडगं आहे. प्रेषित पौलाची शिकवणही तीच: बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर पुरला जातो. जुन्या माणसाला सुधारून, ठाकठीक करून चालवून घेण्याची भाषा इथे नाही; तो मरतो. आणि त्याच पाण्यातून नवा माणूस जन्मतो. निकदेम नावाचा शास्त्री रात्री येशूकडे आला तेव्हा त्याने रोखठोक शंका काढली होती, की म्हाताऱ्या माणसाने पुन्हा आईच्या उदरात कसं शिरायचं. त्याची चेष्टा करण्याचं कारण नाही, कारण शंका बरोबर जागी होती. स्वतःला जन्म देणं कुणालाच जमत नाही. म्हणूनच या विधीत तुम्ही स्वतः काहीच करत नाही. तेल दुसरा चोळतो, दाबतो दुसरा, वर काढतो दुसरा. बेशुद्ध मित्राचं कोडं इथे सुटायला लागतं. ख्रिस्ती शिकवणीचा हा गाभा आहे असं मला वाटतं, आणि कर्तबगार माणसाला तो पचवणं सर्वांत जड जातं.

वर येता. डोक्यावर सुगंधी तेल ओतलं जातं आणि सकाळी नाकपुड्यांना लागलेल्या बोटाचा अर्थ अंगावरून ओघळतो. मग बिशप कंबर बांधून खाली बसतात आणि तुमचे पाय धुतात; पुढचं काम पाळक उरकतात. रोममध्ये ही रीत नाही. आम्ही रोमचं सगळं मानतो, पण आम्हालाही अक्कल आहे, अशा अर्थाचं अँब्रोज ठणकावून सांगतात. आदामाच्या टाचेला साप डसला, म्हणून टाच धुवायची, असा त्यांचा खुलासा. रोमन साम्राज्यात पाय धुणं हे गुलामाचं काम. इथे या भागाचा माजी राज्यपाल ते करतो आहे. बिशप होण्यापूर्वी अँब्रोज राज्यपाल होते, आणि 374 मध्ये लोकांनी त्यांना बिशप म्हणून पुकारलं तेव्हा त्यांचा स्वतःचा बाप्तिस्माही झालेला नव्हता.

पांढरा अंगरखा घालून तुम्ही मिरवणुकीने मोठ्या चर्चमध्ये शिरता. मोनिका तिथे आहे. ज्या क्षणी तुम्हाला आजवर बाहेर काढलं जायचं, त्या क्षणी आज तुम्ही आत आहात. वेदी दिसते, भाकर आणि द्राक्षारस दिसतो, आणि वेदीवरची पात्रं.

अशा पात्रांची एक हकिकत आहे. 378 मध्ये अड्रियानोपलच्या लढाईत गॉथांनी रोमन सैन्याची वाताहत केली, सम्राट वालेन्स मारला गेला, आणि माणसं कैद करून विकली गेली. अँब्रोजनी चर्चची पवित्र पात्रं वितळवली आणि त्या सोन्यातून खंडणी भरून कैदी सोडवले. विरोधकांनी देवाचं सोनं मोडलं म्हणून ओरड केली. अँब्रोज मागे हटले नाहीत. चर्चकडे सोनं आहे ते साठवण्यासाठी नाही, गरज पडेल तिथे खर्चण्यासाठी आहे, असं त्यांनी लिहूनही ठेवलं.

तारण म्हणजे काय, हे या मंडळीला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बेडीतला माणूस स्वतःची किंमत भरू शकत नाही; कुणीतरी बाहेरून येऊन ती भरतो. ख्रिस्ताने आपल्या रक्ताने ती भरली, अशी ही श्रद्धा. किंमत भरली कुणाला, यावर पुढे शतकानुशतकं वाद होतील. सैतानाला, असं याच काळातले काही आचार्य म्हणतात. कँटरबरीचा अँसेल्म 1098 मध्ये ते साफ खोडून काढेल. त्या रात्री वेदीपाशी उभ्या असलेल्यांना एवढंच पुरेसं आहे, की आपली सुटका झाली.

पुढचा आठवडाभर तुम्ही पांढऱ्या अंगरख्यात रोज येता आणि आता कुठे बिशप अर्थ सांगतात. तुमच्या मनातली शंका ते आपणच काढतात: बस, एवढंच? रोज पाहतो तेच पाणी? मग नामानाची गोष्ट येते. कोड झालेला अरामी सेनापती. यार्देनेत सात बुड्या मार, असा निरोप संदेष्ट्याने पाठवला तेव्हा तो चिडला, कारण घरच्या नद्या याहून चांगल्या होत्या. त्याला या संदेष्ट्याचा पत्ता सांगितला होता तो लढाईत धरून आणलेल्या एका दासीने. ऑगस्टीन स्तोत्रगायन ऐकून रडतो आहे. मागच्या आयुष्याची धास्ती आपल्याला सोडून गेली, असं तो पुढे लिहिणार आहे.

शेजारचा गुलाम मात्र आठवडा संपल्यावर धन्याच्या घरी परत जाणार आहे, गुलाम म्हणूनच. एकाच पाण्यातून, एकाच रात्री दोघं जन्मलात. गॉथांच्या कैद्यांसाठी पात्रं वितळवणाऱ्या बिशपांनी मिलानच्या धन्यांपुढे हा प्रश्न त्याच जोराने मांडला नाही. चर्चने तो मांडायला फार शतकं लावली आणि हे मला सलतं. शिकवण अपुरी नव्हती. ती जिथे नेत होती तिथवर चालायची तयारी अपुरी होती.

मोनिका याच वर्षी ओस्तियाच्या बंदरात वारेल. दोनेक वर्षांत अदेओदातुसही जाईल. ऑगस्टीन आफ्रिकेत हिप्पोचा बिशप होईल आणि उतारवयात पेलागियसशी झुंजेल. माणूस स्वतःच्या बळावर नीतिमान होऊ शकतो का, हा तो वाद. कुंडात दुसऱ्याच्या हाताने खालीवर झालेल्या माणसाने कुठली बाजू घेतली हे सांगायला नको. त्याच म्हातारपणी त्याने एक पत्र लिहिलं, जे 1981 मध्ये प्रथम छापलं गेलं. आफ्रिकेत गुलामांचे व्यापारी स्वतंत्र माणसांनाच पळवून जहाजात कोंबत होते. ऑगस्टीन गावात नव्हता तेव्हा हिप्पोच्या मंडळीतल्या लोकांनी अशा जवळपास 120 जणांची सुटका केली, काहींना थेट जहाजातून बाहेर काढलं. आता व्यापाऱ्यांचे आश्रयदाते ती माणसं परत मागत होते आणि ऑगस्टीन कायद्याचा आधार शोधत होता. त्यासाठी इटलीत कुणीतरी खटपट करायला हवी होती. पत्र अलिपियसच्या नावे आहे.